गच्चीवर जादा कार्बन डायऑक्साइड देऊन मूग आणि बाजरी वाढवली, त्याच्या नोंदी

२६ जानेवारी २०२४
सुरुवात आप्पांच्या प्रश्नानं झाली. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं वाचून म्हणाले, "कार्बन वाढला की पीक जोमात येतं म्हणे, मग एवढी ओरड कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, पुस्तकातलं उत्तर तोंडपाठ आहे, पण डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. अकरावीतली दोन पोरं तयार झाली. ठरलं की फलटणच्या घराच्या गच्चीवर दोन पेट्या करायच्या, एकीत साधी हवा आणि दुसरीत कार्बन डायऑक्साइड ६०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग. आत्ता हवेत ४२० च्या आसपास आहे, १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला लागले तेव्हा ३१५ होतं.

पिकं दोन. मूग सी-थ्री आहे, म्हणजे त्याला कार्बन कमी पडतो, जास्त दिला तर घ्यायला पाहिजे. बाजरी सी-फोर, ती आतल्या आत कार्बन गोळा करूनच वापरते त्यामुळे तिला फारसा फरक पडू नये. आप्पांचा ऊसही सी-फोरच, म्हणून बाजरी मुद्दाम घेतली. बाजरीचं बी धनशक्ती, राहुरी कृषी विद्यापीठ आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं जास्त लोहासाठी काढलेली जात. मूग वैभव जातीचा.

१ फेब्रुवारी
एक इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा, २ फूट बाय २ फूट, उंची ४ फूट. त्यावर पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा कागद. मापात चूक झाली, एल्बोची, म्हणजे कोपऱ्यातल्या जोडाची लांबी धरलीच नव्हती त्यामुळे कागद चार बोटं कमी पडला आणि परत आणावा लागला. एक अख्खा रविवार गेला.

गॅसचा हिशोब केला. पेटीत साधारण ४३० लिटर हवा बसते, ४२० चं ६०० करायला जेमतेम ७८ मिली कार्बन डायऑक्साइड लागतो. अर्धा कप. आम्हाला वाटलं चिमूटभर खायचा सोडा आणि व्हिनेगर पुरेल. हा आकडा तुम्हीही काढाल तेव्हा त्याच्यावर विसंबू नका, कारण पुढे ६ मार्चच्या नोंदीत लिहिलंय.

९ फेब्रुवारी
सहा इंची काळ्या पिशव्यांत शेतातली माती आणि शेणखत भरून पेरणी. गॅससाठी वीस लिटरच्या कॅनमध्ये गुळाचं पाणी आणि यीस्ट, नळी पेटीत सोडली. गॅस वाया जाऊ नये म्हणून दोन्ही पेट्या वरून बंद केल्या, कडेला बारीक भोकं ठेवली. मोजायला दीडशे रुपयांचा 'एअर क्वालिटी' सेन्सर, प्रत्येक पेटीत एक.

१३ फेब्रुवारी
गॅसच्या पेटीत १४०० दाखवतंय म्हणून सगळे खूश, मग पेटीचं प्लास्टिक उचललं तर ताडीसारखा वास आला. तेव्हा डोक्यात आलं. गूळ आंबला की गॅस होतो तेवढाच वजनाला दारूचा अंश होतो, आणि हा स्वस्त सेन्सर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, तो धूर, अमोनिया, अल्कोहोल अशा वाफांना जागा होतो. चार दिवस आम्ही दारूची वाफ मोजत होतो. दोन्ही सेन्सर काढून टाकले. कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर इन्फ्रारेडवर चालणारा, एनडीआयआर लिहिलेलाच घ्या, महाग आहे पण दुसरा इलाज नाही. एक १८५० ला पडला, दोन मागवले. नळीत पाण्याची बाटली घातली म्हणजे वाफ थोडी धुऊन निघते.

२६ फेब्रुवारी
नवीन सेन्सर बसवून दहा दिवस झाले आणि आकडे इतके छान येत होते की शंका आली. साध्या पेटीत दुपारी बरोबर ४०० आणि गॅसच्या पेटीचा आकडा रोज थोडा थोडा खाली, कॅन तर बुडबुडे सोडतोय. दोन्ही सेन्सर काढून कठड्यावर शेजारी शेजारी उघड्या हवेत ठेवले. एक ५१० दाखवतोय, दुसरा २३०. एकाच हवेत! २३० तर आज पृथ्वीच्या पाठीवर उघड्या हवेत कुठे मिळणार नाही.

माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं. हे सेन्सर स्वतःला आपोआप जुळवतात. चोवीस तासांत जो सगळ्यात कमी आकडा दिसला तो ४०० समजून घेतात, कारण ते ऑफिस आणि वर्गखोल्यांसाठी बनवलेले असतात, तिथे रात्री माणसं नसतात आणि हवा मोकळी होते. आमचा यीस्टचा कॅन रात्रीही चालू, पेटी कधी मोकळ्या हवेवर यायचीच नाही, त्यामुळे खरे ६०० त्याला ४०० वाटले. ही सोय बंद करायची कमांड असते, ती पहिल्या दिवशी द्यायची. पोरांनी बंद केली, दोन्ही सेन्सर संध्याकाळी गच्चीवर तासभर वाऱ्यात ठेवून परत जुळवले. जवळ तोंड नेऊ नका, आपल्या श्वासात ४०,००० पीपीएम असतात, पहिल्यांदा आम्ही वाकून बघत बसलो म्हणून ते फुकट गेलं.

पण मग साध्या पेटीचा सेन्सर ५१० का दाखवत होता? तो वर कशानं सरकला हे त्या रात्री कुणालाच सांगता येईना.

१ मार्च
उत्तर मिळालं आणि ते वाईट आहे. दर पाच मिनिटाला आकडा लिहून घेतला. साध्या पेटीत पहाटे ७०० च्या पुढे, ऊन चढलं तसं घसरत घसरत साडेबाराला ३१२. रोपं एकवीस दिवसांची, हात हात उंच, आणि बंद पेटीत त्यांनीच हवेतला कार्बन खाऊन टाकला होता. सेन्सर रोज त्या तीनशेला चारशे समजत होता म्हणून आम्हाला दिसलं नाही.

म्हणजे गॅसच्या पेटीतला मूग साध्यापेक्षा उंच दिसत होता, पोरांनी त्याचे फोटोही काढले होते, तो जादा कार्बनवर वाढला असं म्हणता येत नाही, शेजारचा उपाशी होता. शिवाय दुपारी आत ४४ अंश, बाहेर ३४.

या कामात गॅस देणं सोपं आहे, साधी पेटी खरोखर साधी ठेवणं अवघड आहे. कुणी बंद डब्यात, काचेच्या बरणीत असा प्रयोग करून "दुप्पट वाढ" सांगत असेल तर त्याला आधी एवढंच विचारा की दुपारी बारा वाजता साध्या बरणीत किती पीपीएम होते.

२ मार्च
सगळं उपटलं. पिशव्या फोडल्या तर मुळं तळाशी गोल गोल फिरून गठ्ठा झालेली. तेही चुकलंच होतं. मुळाला जागा नसली की पानांनी केलेली साखर ठेवायला ठिकाण उरत नाही आणि झाड जादा कार्बन घेणं कमी करतं, त्यामुळे छोट्या कुंडीत फायदा आहे तेवढाही दिसत नाही. पेरणीपासूनचे बावीस दिवस गेले. मुलांचा हिरमोड झाला, मला त्यांची समजूत काढायला शब्द सापडेनात, पण त्यातल्या एकीनं स्वतःहून पाइप मोजायला घेतले.

६ मार्च
आता वरून उघड्या पेट्या आणि प्रत्येकीला खालून हवा आत ढकलणारा १२ व्होल्टचा पंखा, मिनिटाला साधारण एक पेटीभर हवा बदलेल असा. पंखा साध्या पेट्यांनाही, नाहीतर वाऱ्याचाच फरक मोजला जाईल. पेट्या चार केल्या, दोन गॅसच्या दोन साध्या, कारण एक-एक पेटीवर काहीच सिद्ध होत नाही.

हवा सतत बदलणार म्हणजे ते ७८ मिली आता दर मिनिटाला, दर पेटीला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दोन पेट्या मिळून दिवसाला जवळजवळ १६५ ग्रॅम गॅस. खायच्या सोड्यावर करायचं तर रोज सव्वातीनशे ग्रॅम सोडा आणि पाच लिटरच्या आसपास व्हिनेगर. यीस्ट दुपारी उसळतं आणि चार दिवसांत मरतं. म्हणजे टाकीच पाहिजे.

स्टँडजवळ गोटी सोड्याचा छोटा कारखाना आहे तिथल्या काकांकडे गेले. गॅस झाडाला द्यायचाय म्हटल्यावर ते आधी बघतच राहिले, मग स्वतः टाकी गच्चीवर चढवून दिली. काकांनी जे सांगितलं ते कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नाही. एक, टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाकडे बघून गॅस किती उरला ते कळत नाही, आत पातळ, म्हणजे द्रव झालेला गॅस असतो तोवर काटा जागचा हलत नाही, टाकी काट्यावर तोलायची. दोन, उन्हात ठेवली तर दाब वेड्यासारखा चढतो, सावलीत उभी बांधून वर ओलं गोणपाट. तीन, टाकी बदलली की वॉशर नवीन. आणि घरात, जिन्यात ठेवायची नाही, हा गॅस जड असतो, खाली साचतो, माणूस गुदमरतो. आमची गच्ची उघडी आहे म्हणूनच मी तयार झाले.

रेग्युलेटर आणि बारीक नीडल व्हॉल्व्ह पुण्याहून मागवला, मत्स्यालयवाले वापरतात तोच.

९ मार्च
दुसरी पेरणी. या वेळी रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या, तळाला भोकं पाडून, शेतातली चाळलेली काळी माती. प्रत्येक पेटीत दोन बादल्या मूग, दोन बादल्या बाजरी, बादलीत दोन झाडं. मुगाच्या बियाला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, चोळले. सगळ्या बादल्या काट्यावर तोलून सारख्या केल्या.

२२ मार्च
टाकी दोन आठवड्यांत रिकामी. हिशोबानं बरीच उरायला हवी होती. साबणाचं पाणी लावलं तर रेग्युलेटरच्या आट्यावर बुडबुडे. वॉशर आम्ही बदललं होतं पण आत जुन्याचा तुकडा राहिला होता. १४०० रुपयांचा गॅस हवेत गेला आणि शेवटचे दीड-दोन दिवस गॅसच्या पेट्या साध्याच होत्या. तेव्हापासून रोज सकाळी साबणाचं पाणी आणि टाकीचं वजन वहीत.

४ एप्रिल
उन्हाचा घोटाळा. गॅसची दुसरी पेटी पाण्याच्या टाकीच्या शेजारी आहे, साडेचारनंतर तिच्यावर सावली येते. रोज तास-सव्वा तास ऊन कमी. आता दर रविवारी पेट्यांच्या जागा फिरवायच्या. बादल्या उचलून उचलून कंबर धरली पण याला पर्याय नाही.

९ एप्रिल
पाडवा. गॅसच्या पेट्यांची सरासरी ६०० येते खरी पण वारा सुटला की ४८० आणि पडला की ९००. झाडाला सरासरी मिळत नाही, त्याला हे हेलकावेच मिळतात, ते लिहून ठेवते. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त, चारी पेट्यांत सारखं.

पांढरी माशी आली, गॅसच्या पहिल्या पेटीत. एका मुगाची पानं पिवळी-हिरवी झाली, मोझॅक या विषाणू रोगाची भीती वाटली म्हणून ते झाड उपटलं. निंबोळी अर्क फवारला तो चारही पेट्यांत, जिथं माशी नाही तिथंही.

१६ एप्रिल
पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीनं काढून मायक्रोस्कोपखाली पर्णरंध्रं, म्हणजे पान ज्यातून हवा घेतं आणि पाणी सोडतं ती बारीक छिद्रं बघितली. आठ पानं मोजली. रंध्रांच्या संख्येत सांगण्यासारखा फरक नाही. ती किती उघडी आहेत हे या पद्धतीनं खात्रीनं सांगता येत नाही, पानं तोडल्यावर मिटतात. म्हणून ते सोडलं आणि पाणी तोलायला लागलो, हुकाच्या काट्यावर बादली सकाळी आणि संध्याकाळी. हे सोपं आहे आणि यातच खरं दिसलं.

एका जादा मुगाची मुळं धुऊन बघितली. गाठी भरपूर, नखानं फोडली तर आत गुलाबी, म्हणजे काम करतायत. डाळवर्गीय पिकाला जादा कार्बनचा फायदा जास्त दिसतो त्याचं एक कारण ह्या गाठी आहेत, जादा साखर त्यांना खायला मिळते आणि त्या नत्र देतात. ज्या पिकाला गाठी नाहीत त्याला नत्र जमिनीतूनच हवं, ते नसेल तर नुसत्या कार्बननं पान मोठं होतं पण फिकट.

८ मे
५ तारखेला संध्याकाळी सगळ्या बादल्या पाणी घालून सारख्या वजनाला आणल्या आणि ६-७ ला मी निवडणूक ड्युटीवर. पोरांना सांगितलं होतं पण दोघंही सुट्टीला गावी गेली होती, निरोपात चुकामूक झाली. कडक ऊन, दोन दिवस पाणी नाही. ७ ला रात्री उशिरा घरी येऊन टॉर्च घेऊन वर गेले.

साध्या पेट्यांतली बाजरी सुरळी झाली होती, पानं दोरीसारखी वळलेली, हात लावला तर कागदासारखी. गॅसच्या पेट्यांतली पानं नुसती कडेनं आत वळलेली, शेंड्याचं पान सरळ. मला वाटलं अंधारात चुकतंय, म्हणून रात्रीच काटा आणला. साध्या पेटीतल्या बाजरीच्या बादल्यांमधून सरासरी ३.४ किलो पाणी गेलेलं, गॅसच्या पेटीत २.७ किलो.

इतके दिवस बाजरीत काहीच फरक दिसत नव्हता आणि दिसू नये असंच मी पोरांना सांगितलं होतं. पण कार्बन जास्त असला की सी-फोर पीकसुद्धा पर्णरंध्रं थोडी मिटूनच काम भागवतं, पाणी वाचतं, आणि त्याचा उपयोग पाणी तुटल्यावरच दिसतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मोकळ्या शेतात मक्याला गॅस देऊन पाहिला तेव्हा पाणी पुरेसं होतं त्या हंगामात उत्पन्न वाढलं नव्हतं. ते वाचलेलं होतं, पण अशी दोन बादल्या शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती.

आप्पा सकाळी वर आले, दोन्ही बाजऱ्या बघितल्या, काही बोलले नाहीत, बराच वेळ पान बोटात धरून उभे होते.

१९ मे
वळवानं एका साध्या पेटीचा कागद फाडला, शिवून लावला. मुगाची दुसरी तोडणी झाली.

२७ मे
वाळवण्यात शेवटची चूक. ओल्या वजनावर काही ठरत नाही, सुकं वजन लागतं, ७० अंशाला दोन दिवस. मी घाईनं घरच्या ओव्हनमध्ये एका बादलीचा मूग ठेवला, त्याचा तापमानाचा काटा भरवशाचा नाही, पानं करपली. ती बादली हिशोबातून काढली. बाकीचं ओळखीच्या लॅबमधल्या हॉट एअर ओव्हनमध्ये.

९ जून
आकडे. मुगाचं एका झाडाचं सुकं वजन, शेंगांसकट: साध्या पेट्या १४.२ आणि १५.९ ग्रॅम, गॅसच्या १८.८ आणि १७.४. म्हणजे २० टक्के जास्त. पण नुसते दाणे तोलले तर साध्या ४.६ आणि ५.१, गॅसच्या ५.४ आणि ५.३, जेमतेम १० टक्के. बाकीची वाढ पाल्यात गेली. बाजरी: साध्या ४१.३ आणि ४४.०, गॅसच्या ४३.६ आणि ४२.१, फरक नाही, ते दोन दिवस सोडले तर पाणी रोज होतं.

दोन-दोन पेट्या म्हणजे फार थोडं आहे, हे २० टक्के कुणी मोठ्या अक्षरात छापू नये. पेटीतले आकडे मोकळ्या शेतापेक्षा चांगलेच येतात हेही जाहीर आहे. १९८९ पासून ॲरिझोनात मॅरिकोपाला कापसावर आणि नंतर इतर ठिकाणी उघड्या शेतात गोल पाइप मांडून गॅस सोडून बघितलं, त्या सगळ्याचा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला तेव्हा वाढ पेट्यांतल्या जुन्या प्रयोगांच्या साधारण निम्मीच निघाली. आपल्याकडे हैदराबादच्या क्रीडा (CRIDA) या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत कोरडवाहू पिकांवर आमच्यासारख्याच पण माणूस आत उभा राहील एवढ्या उघड्या पेट्या आहेत, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतही आहेत.

आणि दाण्यात काय उतरलं ते वजनावर कळत नाही. २०१४ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५० च्या आसपास पीपीएमला पिकवलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के आणि लोह ५.१ टक्के कमी भरलं. आपल्या ताटात लोह येतं ते भाकरी-चपाती आणि डाळीतून, त्यामुळे मला दाण्याच्या १० टक्के वाढीपेक्षा हे जास्त लागलं. आमच्या मुगाच्या चार पुड्या नावं घालून हवाबंद डब्यात ठेवल्यात, तपासणीचे पैसे जमले की पाठवणार.

खर्च: पाइप-जोड २६४०, कागद १३००, चार पंखे १०००, चार सेन्सर ७४००, बोर्ड-वायर १९००, रेग्युलेटर-व्हॉल्व्ह ३२००, गॅस दोन टाक्या २८०० आणि फुकट गेलेलं १०४० ज्यात गूळ, यीस्ट, सोडा, व्हिनेगर, चुकीचे सेन्सर. एकूण २१,२८०. मी परत केलं तर पहिल्याच दिवशी चार चांगले सेन्सर घेईन, ते आठ दिवस उघड्या हवेत एकमेकांशेजारी चालवीन आणि मगच बी पेरीन.

आप्पांनी विचारलं, "मग उसाचं काय?" मी म्हटलं पाणी भरपूर दिलंत तर गॅसचं काही मिळणार नाही, पाणी तोडलंत तर थोडं वाचेल, पण कार्बनबरोबर तापमानही वाढतंय आणि ते आमच्या चारही पेट्यांत सारखंच होतं, म्हणजे त्याचं उत्तर यात नाही. म्हणाले मग ते बघ.

टाकीत तीन किलो शिल्लक होता, काकांना परत केली, डिपॉझिट पूर्ण मिळालं. चांगला पाऊस झाला की सोयाबीन, आठ बादल्या माती चाळून ठेवली आहे, या वेळी अर्ध्या बादल्यांना रायझोबियम लावायचं नाही.